क्वासिमोदो हा केवळ एस्मेराल्दाची पार्श्वभूमी आहे का?

व्हिक्टर ह्यूगोच्या ‘नोत्र दाम द पारी’ या कादंबरीवर प्रबंधिका लिहिताना तुम्हाला पडलेला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो. विरूप (ग्रोटेस्क) आणि उदात्त (सब्लाइम) ही परस्परविरुद्ध टोके आहेत, असे बहुतेक मार्गदर्शक पुस्तकांत वाचायला मिळते. मग जिप्सी नर्तकी एस्मेराल्दाचे सौंदर्य उठून दिसावे म्हणून कॅथेड्रलचा कुबडा घंटावादक क्वासिमोदो याच्या कुरूपतेची योजना केली आहे, एवढे म्हणून थांबावे का? शिवाय पाश्चात्त्य समीक्षक ज्याला ग्रोटेस्क म्हणतात तो आपला बीभत्स रसच नव्हे का, आणि मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’लाही हीच मोजपट्टी लावता येईल का, असेही तुम्ही विचारले आहे.

युरोपीय साहित्य शिकवताना हा प्रश्न माझ्यासमोर वेगवेगळ्या रूपांत येत राहिला आहे, म्हणून माझे मत सुरुवातीलाच सांगतो. विरूप आणि उदात्त हे जणू पात्रांचे दोन वर्ग आहेत आणि प्रत्येक पात्राला त्यांपैकी एका वर्गात बसवणे हे वाचकाचे काम आहे, असे आपण गृहीत धरतो, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते. स्वच्छंदतावादी (रोमँटिक) लेखकांच्या उत्तम कृतींत या दोन गोष्टी एकाच देहात, पुष्कळदा एकाच क्षणात नांदतात, आणि एकीतून दुसरी प्रकट होते ती पाहणाऱ्याची नजर बदलल्यामुळे. त्यामुळे मी विद्यार्थ्यांना पात्रांची वर्गवारी करायला सांगत नाही. गर्दीचे हसू किंवा पाहणाऱ्याची किळस नेमकी कोणत्या ठिकाणी थांबते, ती जागा संहितेत शोधायला सांगतो. ती जागा सापडली की उरलेले विवेचन बऱ्याच अंशी आपोआप मार्गी लागते.

अर्थात तुम्ही कोणत्या उदात्ताबद्दल बोलत आहात यावर उत्तर बरेच अवलंबून आहे, आणि हा खुलासा प्रबंधिकेच्या पहिल्याच प्रकरणात करून टाकावा. ब्रिटिश विचारवंत एडमंड बर्कने १७५७ साली मांडलेले उदात्त भयावर उभे आहे. अफाट विस्तार, अंधार, अस्पष्टता, प्रचंड शक्ती, कानठळ्या बसवणारा आवाज यांच्यासमोर मनुष्य थरारतो, आणि प्रत्यक्ष धोका दूर असेल तर त्या थरारातच एक प्रकारचा आनंद असतो. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने १७९० साली तो अनुभव बाहेरच्या वस्तूतून काढून माणसाच्या बुद्धीत नेला. वादळापुढे आपण देहाने क्षुद्र ठरतो, पण ते क्षुद्रपण ओळखू शकणारी आपल्यातली शक्ती वादळाहून मोठी असते, असा त्याचा आशय आहे. ह्यूगोच्या लेखनात मात्र उदात्त हा शब्द प्रामुख्याने आत्म्याच्या उंचीसाठी येतो. करुणा, त्याग, वात्सल्य यांसाठी येतो. त्यामुळे बर्कची व्याख्या घेऊन ह्यूगो वाचायला बसलात तर कॅथेड्रलचे मनोरे सापडतील, पण क्वासिमोदो हातून निसटेल. कांटचे आणखी एक विधान तुमच्या विषयासाठी मोलाचे आहे. कुरूप वस्तूंचे सुंदर चित्रण कला करू शकते, मात्र किळस आणणारी कुरूपता तेवढी कलेच्या आनंदात सामावत नाही, असे त्याने म्हटले आहे. पुढच्या पिढीतील लेखकांनी नेमका हाच कुंपणापलीकडचा प्रदेश आपला मानला.

आता विरूपाकडे येऊ. पंधराव्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये सम्राट नीरोच्या सुवर्णप्रासादाची जमिनीखाली गाडली गेलेली दालने सापडली. त्यांच्या भिंतींवर माणूस, पशू आणि वेली एकमेकांत मिसळून गेलेल्या आकृती होत्या, आणि ग्रोटेस्क हे नाव त्यांच्यावरूनच आले. प्राचीन रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रूव्हियसने आपल्या काळी अशा चित्रांची निसर्गाला सोडून असलेली म्हणून निंदा केली होती. राफाएलच्या चित्रशाळेने मात्र व्हॅटिकनच्या सज्ज्यांमध्ये त्यांचे उत्साहाने अनुकरण केले. या इतिहासातून लक्षात ठेवायचे ते असे, की विरूपाचा गाभा कुरूपतेत नाही. जे वेगळे राहायला हवे असे आपण मानतो त्याच्या मिश्रणात तो आहे. त्यामुळेच विरूपासमोर आपली प्रतिक्रियाही मिश्र असते: हसू येते आणि त्याच वेळी अस्वस्थ वाटते.

यातच बीभत्स रसाविषयीच्या तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. बीभत्साचा स्थायीभाव जुगुप्सा, म्हणजे किळस, आणि तो भाव एकसंध आहे. विरूपात जुगुप्सा असेलही, पण तिच्या जोडीला हास्य, भय आणि कधी कधी करुणा असते, आणि यांतला कोणता भाव प्रधान आहे हे वाचकाला चटकन ठरवता येत नाही. संस्कृत काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त परस्परविरोधी रसांची चर्चा करताना असे रस एकत्र आणायचे असतील तर विरोध कसा टाळावा याचे मार्ग सांगितले आहेत. ह्यूगोला तो विरोध टाळायचाच नाही. तो पेटता राहावा असे त्याला वाटते. तुलना जरूर करा, कारण मराठी वाचकाला ती उजेड देते, पण समीकरण मांडू नका.

ह्यूगोची मूळ भूमिका ‘क्रॉमवेल’ या नाटकाच्या १८२७ सालच्या प्रस्तावनेत आहे. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता, आणि ते नाटक रंगभूमीला न पेलण्याइतके लांब असल्यामुळे प्रस्तावनाच अधिक गाजली. फ्रेंच अभिजात नाटकाने शोकात्मिका आणि सुखात्मिका यांच्यात जी भिंत उभी केली होती, ती पाडणे हा तिचा हेतू होता. ख्रिस्ती धर्माने माणसाला देह आणि आत्मा असा दुहेरी प्राणी मानायला शिकवले, म्हणून नव्या युगाच्या नाटकानेही पशुत्व आणि देवत्व, हसू आणि अश्रू यांना एकत्र ठेवले पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद आहे, आणि या मिश्रणाचा परमोच्च आदर्श म्हणून तो शेक्सपिअरकडे बोट दाखवतो. प्राचीन ग्रीकांनाही विरूप ठाऊक होते, होमरमध्ये कुरूप सैनिक थर्सायटीझ आणि एकाक्ष राक्षस पॉलिफीमस आहेतच, पण तिथे ते बुजरे राहिले, असे तो म्हणतो. सौंदर्याचे रूप एकच असते आणि कुरूपतेची हजार, हे त्याचे प्रसिद्ध वाक्य याच प्रस्तावनेतले आहे.

तुम्ही वाचलेल्या मार्गदर्शकांनी या प्रस्तावनेतला एकच धागा उचलला आहे. विरूप हे विसाव्याचे ठिकाण आहे, तिथून सौंदर्याकडे पाहिले की ते अधिक ताजे दिसते, असे ह्यूगो लिहितो हे खरे. पण त्याच प्रस्तावनेत एकाच माणसातील द्वैताचा दुसरा धागा आहे, आणि लेखक म्हणून तो पुढे या दुसऱ्या धाग्यावरून चालत गेला. याचा पुरावा ‘ल्युक्रेस बोर्जिया’ या नाटकाच्या १८३३ सालच्या प्रस्तावनेत मिळतो, जी विद्यार्थी सहसा वाचत नाहीत. तिथे तो आदल्या वर्षीच्या ‘ल रुआ साम्यूज’ या नाटकामागची कल्पना उलगडतो. अत्यंत व्यंग असलेला देह घ्या, त्याला समाजाच्या सर्वांत तुच्छ जागी, दरबारी विदूषकाच्या जागी बसवा, आणि मग त्याच्या अंतःकरणात शुद्ध पितृप्रेम ठेवा. ते व्यंगच तुमच्या डोळ्यांदेखत उजळून निघेल. ल्युक्रेसमध्ये शारीरिक व्यंगाच्या जागी नैतिक विकृती आहे आणि पितृत्वाच्या जागी मातृत्व. इथे विरूप कुणा दुसऱ्याला उठाव देण्यासाठी आलेले नाही. तेच स्वतः उंचावते. विदूषक त्रिबुलेच्या त्या नाटकाचा प्रयोग २२ नोव्हेंबर १८३२ रोजी पॅरिसमध्ये झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्यावर बंदी आली. त्यानंतरचा प्रयोग बरोबर पन्नास वर्षांनी झाला. दरम्यान याच कथेवर व्हेर्दीने ‘रिगोलेत्तो’ हा ऑपेरा रचला आणि १८५१ साली तो व्हेनिसमध्ये रंगमंचावर आला. एका राजाला क्षुद्र आणि एका कुबड्या विदूषकाला थोर दाखवणे ही केवळ साहित्यिक युक्ती नव्हती, हे त्या बंदीवरून पुरेसे कळते.

या दोन प्रस्तावनांच्या मधोमध, १८३१ साली, ‘नोत्र दाम’ आली. कादंबरीच्या आरंभी, १४८२ सालच्या ६ जानेवारीला, मूर्खांचा पोप निवडण्यासाठी सर्वांत भयंकर चेहरा करून दाखवण्याची स्पर्धा भरते. एकेक जण खिडकीच्या भोकातून तोंड वेडेवाकडे करून दाखवतो आणि गर्दी हसते. क्वासिमोदोचा चेहरा दिसताच जल्लोष होतो, आणि मग कळते की तो चेहरा वेडावाकडा केलेला नाही, तो तसाच आहे. इथे हसू थांबत नाही, उलट वाढते, हे ध्यानात ठेवा. पुढे त्याच्यावर खटला चालतो तो एका बहिऱ्या न्यायाधीशासमोर. बहिरा बहिऱ्याची उलटतपासणी घेतो, सभागृह खदखदते, आणि त्या निव्वळ प्रहसनातून फटक्यांची खरीखुरी शिक्षा बाहेर पडते. ह्यूगोची रचना इथे अतिशय काटेकोर आहे: ज्या हास्यात वाचकही सामील झालेला असतो, त्याच हास्याची किंमत पुढे रक्ताने चुकती होते.

ग्रेव्ह चौकात जाहीर शिक्षेच्या चौथऱ्यावर बांधलेला क्वासिमोदो पाणी मागतो. गर्दी हसते. तो पुन्हा मागतो, पुन्हा हशा आणि दगड. मग ज्या मुलीला पळवून नेण्याचा त्याने आदल्या रात्री प्रयत्न केला होता ती एस्मेराल्दा चौथऱ्यावर चढते आणि आपल्या कमरेची तुंबी त्याच्या ओठांना लावते. त्याच्या डोळ्यातून एक टपोरा अश्रू ओघळतो, आणि तो क्षणभर पाणी प्यायचेच विसरतो. तुमच्या प्रबंधिकेचा कणा ठरू शकेल असे वाक्य ह्यूगोने इथे लिहिले आहे. त्याचा आशय असा, की एवढ्या नाजूक मुलीने एवढ्या दैन्याच्या, व्यंगाच्या आणि दुष्टपणाच्या मदतीला धावून जाणे हे दृश्य कुठेही हृदयस्पर्शीच ठरले असते. शिक्षेच्या चौथऱ्यावर ते उदात्त होते. उदात्त हा शब्द तो ना एस्मेराल्दाच्या रूपाला लावतो, ना क्वासिमोदोच्या सहनशीलतेला. तो शब्द संपूर्ण दृश्यासाठी आहे: ती, तो, आणि समाजाने अपमानासाठी बांधलेली ती जागा. यातले कुबड काढून घ्या, चौथरा काढून घ्या, आणि एक गोड प्रसंग तेवढा उरेल. त्यानंतर हसणारी तीच गर्दी टाळ्या वाजवते. हसू थांबते ती जागा म्हणतो ती हीच.

घंटांचे प्रकरणही याच दृष्टीने वाचावे. घंटांनीच बहिरा केलेला क्वासिमोदो त्यांच्यावर जीव टाकतो, कारण जगातला तेवढाच आवाज त्याला अजून ऐकू येतो. झुलत्या घंटेला बिलगून तो अधांतरी हेलकावे घेतो तेव्हा ह्यूगो त्याला अर्धा माणूस आणि अर्धी घंटा असलेला एक विचित्र सेंटॉर (ग्रीक पुराणातला अर्धा माणूस, अर्धा घोडा) म्हणतो. रोमच्या भिंतींवरील मिश्र आकृत्यांची आठवण इथे व्हायला हवी. माणूस आणि वस्तू यांची सरमिसळ हे विरूपाचे सर्वांत जुने लक्षण आहे. बर्कने प्रचंड नादाला उदात्ताच्या कारणांमध्ये गणले आहे. आणि इथे ती दोन्ही एकाच वाक्यात एकवटली आहेत. संपूर्ण कादंबरीत मला सर्वाधिक थक्क करणारी जागा हीच आहे, कारण इथे करुणेची मदतही घेतलेली नाही.

याउलट, क्वासिमोदो एस्मेराल्दाच्या खिडकीत दोन पात्रे ठेवतो, एक तडा गेलेले स्फटिकाचे आणि त्यातली फुले सुकलेली, दुसरे ओबडधोबड मातीचे पण पाण्याने भरलेले आणि त्यातली फुले टवटवीत, हा प्रसंग अवतरणांसाठी लोकप्रिय असला तरी मला तो कमी कसाचा वाटतो. तिथे लेखक अर्थ वाचकाच्या हातात ठेवून मोकळा होतो. मात्र एस्मेराल्दा सुकलेला गुच्छच उचलून दिवसभर छातीशी धरते, या तपशिलाने तो प्रसंग सावरतो. रूपाचा मोह तिलाही सुटलेला नाही, म्हणजे उदात्त कृती करणारी व्यक्तीही संपूर्ण उदात्त नाही.

ह्यूगोच्या विचारातली एक भेगही तुम्ही दाखवायला हवी, आणि ती झाकू नये असे मला मनापासून वाटते. कादंबरीत पुढे उघड होते की एस्मेराल्दा ही रीम्स शहरातील एका फ्रेंच बाईची चोरीला गेलेली मुलगी आहे, आणि तिच्या जागी जिप्सींनी ठेवलेले व्यंग असलेले मूल म्हणजे क्वासिमोदो. म्हणजे सौंदर्य जन्माने आपल्यातले आणि विरूप जन्माने परके, अशी वाटणी लेखकाने नकळत करून टाकली आहे. एकाच देहात दोन्ही नांदतात असे सांगणारा लेखक वंशाच्या प्रश्नापाशी आपल्या काळाच्या पूर्वग्रहाला शरण जातो. व्यंग असलेल्या देहाचा प्रतीक म्हणून वापर करण्याबद्दल आज घेतले जाणारे आक्षेपही इथे रास्तपणे नोंदवता येतील. त्याच वेळी त्याचे दुसरे वाक्य विसरू नका: क्वासिमोदो दुष्ट होता कारण तो रानटी होता, आणि रानटी होता कारण तो कुरूप होता. ही कारणपरंपरा देहातून निघत असली तरी लोकांच्या तिरस्कारातून जाते.

हीच कारणपरंपरा ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये, १८१८ साली, मेरी शेलीने आधीच मांडली होती. मी मुळात परोपकारी होतो, दुःखाने मला राक्षस केले, असे तिथला निर्मित जीव आपल्या निर्मात्याला, व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनला, सांगतो. म्हणून दोन्ही कृतींची तुलना योग्य आहे, परंतु मोजपट्टी थोडी बदलावी लागेल. शेलीच्या कादंबरीत गर्दीचे हसू जवळजवळ नाहीच. तिथे भय आणि किळस आहे. इथे ह्यूगोपेक्षा बर्क अधिक उपयोगी पडतो. कुरूपता उदात्ताशी सुसंगत असू शकते, पण तीव्र भय जागे करणाऱ्या गुणांशी जोडली गेली तरच, अशी मोजकी नोंद त्याच्या ग्रंथात आहे. व्हिक्टरने देखणे अवयव निवडून जोडलेला, चमकदार काळे केस आणि मोत्यासारखे दात असलेला, पण पिवळट कातडीचा हा आठ फूट उंचीचा देह त्या नोंदीत नेमका बसतो. सुटे भाग सुंदर आणि जोडणी भयाण, म्हणजे पुन्हा मिश्रणच.

आल्प्समधील शामोनीच्या वरच्या हिमनदीवर या दोघांची जी भेट होते ती संथपणे वाचा. व्हिक्टर तिथे मनःशांतीसाठी गेला आहे. माँ ब्लाँ पर्वत, हिमाचे कडे, एकांत, असा उदात्ताचा सारा सरंजाम त्याच्यासमोर आहे. त्या बर्फावरून माणसाला अशक्य अशा वेगाने एक आकृती येते. ओसाड पर्वत आणि हिमनद्या हाच माझा आसरा आहे, हे आकाश तुझ्या माणसांपेक्षा माझ्याशी दयाळूपणे वागते, असे तो जीव म्हणतो. उदात्त निसर्गात सुशिक्षित प्रवासी पाहुणा आहे आणि विरूप देह रहिवासी. व्हिक्टर त्याला नजरेसमोरून दूर व्हायला सांगतो, तेव्हा तो जीव आपले हात व्हिक्टरच्या डोळ्यांवर धरतो आणि म्हणतो, की तुला नकोसे झालेले दृश्य मी असे दूर करतो; तरीही तू माझे ऐकू शकतोस. त्यानंतर सुरू होणाऱ्या आत्मकथनात मिल्टन आणि प्लुटार्क वाचून घडलेली भाषा आहे, आणि उंची त्या भाषेत आहे. आंधळा म्हातारा द लेसी त्याच्याशी माणसासारखा बोलतो, कारण तो फक्त ऐकू शकतो; डोळस मुलगा घरात येताच त्याला काठीने झोडपतो. ह्यूगोचा नायक बहिरा आणि जवळजवळ निःशब्द आहे, त्याचे थोरपण कृतीतून दिसते. शेलीच्या जिवाचे थोरपण डोळे झाकल्यावर ऐकू येते. माझ्या दृष्टीने प्रबंधिकेचे सर्वांत फलदायी प्रकरण या तुलनेचे होईल.

तिसरे उदाहरण हवे असेल तर कोलरिजचे १७९८ सालचे वृद्ध खलाशाचे काव्य घ्या, पण थोडक्यात. समुद्रावर वळवळणारे बुळबुळीत जीव आधी खलाशाला ओंगळ वाटतात. पुढे चांदण्यात, जहाजाच्या सावलीत, तेच समुद्रसर्प निळे, हिरवे, मखमली काळे दिसतात, आणि नकळत त्याच्याकडून त्यांना आशीर्वाद दिला जातो. त्याच क्षणी त्यानेच मारलेला, त्याच्या गळ्यातला अल्बाट्रॉस पक्षी गळून पडतो. वस्तू तीच आहे. बदलली ती नजर. जर्मन परंपरेत जाँ पॉलने १८०४ साली विनोदाला उलटे केलेले उदात्त म्हटले, तेही एका परिच्छेदात नोंदवता येईल. हॉफमान आणि पो या कथाकारांना मात्र मी या प्रबंधिकेबाहेर ठेवीन, कारण त्यांचे विरूप उदात्ताकडे जाण्यापेक्षा भयाच्या आणि वेडाच्या दिशेने जाते आणि त्यासाठी वेगळी मांडणी लागेल.

समीक्षकांपैकी दोघे पुरेत. जर्मन समीक्षक वोल्फगांग कायझरच्या १९५७ सालच्या ग्रंथात विरूप म्हणजे परके होऊन गेलेले जग. हा विचार शेलीला बसतो. रशियन समीक्षक बाख्तिनने १९६५ साली सोळाव्या शतकातील फ्रेंच लेखक राब्लेवरच्या ग्रंथात कायझरशी वाद घालत मध्ययुगीन जत्रेतल्या मुक्त, नवजीवन देणाऱ्या हास्याची बाजू मांडली आणि स्वच्छंदतावाद्यांनी ते हास्य क्षीण व एकाकी केले असा आक्षेप घेतला. मूर्खांच्या पोपची मिरवणूक आणि शिक्षेचा चौथरा एकामागोमाग ठेवून या आक्षेपाची तपासणी करता येते, कारण दोन्हीकडे गर्दी तीच आहे.

वाचनाचा क्रम सुचवायचा तर ह्यूगोच्या चौथ्या भागातले घंटांचे प्रकरण आणि सहाव्या भागातले ‘पाण्याच्या थेंबासाठी एक अश्रू’ हे प्रकरण आधी वाचा, आणि त्यानंतरच १८२७ व १८३३ च्या प्रस्तावनांकडे वळा. सिद्धांत आधी वाचला की माणूस कादंबरीत फक्त त्याची उदाहरणे शोधत बसतो. ‘फ्रँकेन्स्टाइन’ची आवृत्ती मात्र एकच ठरवून घ्या. हिमनदीवरची भेट १८१८ च्या आवृत्तीत दुसऱ्या खंडाच्या दुसऱ्या प्रकरणात आहे आणि १८३१ च्या सुधारित आवृत्तीत दहाव्या प्रकरणात, त्यामुळे संदर्भ देताना आवृत्तीचे वर्ष प्रत्येक वेळी लिहावे लागेल.